अकरा बोटांचे गठ्ठे

९ जानेवारी

काका,

नमस्कार. फोन केला की तुम्ही "हो हो, सगळे मजेत" म्हणता आणि मी काय विचारलं ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. कानाचं यंत्र कानात घालायचं असतं, टेबलाच्या खणात ठेवायचं नसतं, एवढं बोलून मुद्द्यावर येते.

मला कुलपांच्या संग्रहालयाचं काम मिळालं आहे. हो, त्याच. तिथल्या ग्रंथालयातलं एकेक पुस्तक उघडून त्याची तब्येत बघायची आणि लिहायची. पुठ्ठा, शिवण, कागद, शाई, कीड असे पाच रकाने. शेवटी एक ते पाच गुण. एक म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे गेल्यात जमा. पुस्तकं दोन हजार सातशे आणि मुदत तीन महिने. चार-पाच गुणांची पुस्तकं शहराबाहेरच्या गोदामात जाणार, आणि गोदामात गेलेलं पुस्तक परत आलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. खोलीचं पुढे काय करणार ते कुणी नीट सांगत नाही. मी कुणाची मुलगी हे इथे कुणाला ठाऊक नाही. सासरचं आडनाव असं कधी नव्हे ते उपयोगी पडलं.

तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला ते एकदा कागदावर मांडायचं आहे, कारण आपल्या घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. बाबांनी या खोलीत बावीस वर्षं ग्रंथपालाचं काम केलं. एका जुन्या कुलूपकाराने हाताने काढलेल्या आकृत्यांची बत्तीस पानांची वही इथे होती. तशी दुसरी कुठेच नाही. ती बाबांच्या कपाटात, बाबांच्या किल्लीने बंद. वार्षिक मोजणीत तिचा खोका उघडला तर आत वही नाही. किल्ली एकच, म्हणून चोरही एकच. कुलपांच्या संग्रहालयातून कुलपातली वस्तू गेली म्हणून शहरभर हसं झालं ते वेगळंच. सिद्ध काही झालं नाही, पण राजीनामा लिहून घेतला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मी वीस वर्षांची असताना बाबा गेले, ते तो डाग तसाच घेऊन.

वाचनकक्षाच्या दारावर आजवरच्या ग्रंथपालांच्या नावांचा लाकडी फलक आहे. चौथ्या नावानंतर एकदम बावीस वर्षांनी पाचवं नाव येतं. मधल्या काळात पुस्तकं आपापली कपाटात जाऊन बसत असतील. काका, मला त्या फलकावर बाबांचं नाव हवं आहे. आई एकतीस वर्षांत त्या रस्त्याने गेलेली नाही. बाजारात जायचं तरी वळसा घालून जाते. ती आहे तोवर हे व्हावं एवढंच मला वाटतं.

आज पहिल्याच दिवशी तो खोका हातात आला. निळ्या कापडाचा, कोपरे इतके नेमके की बघत राहावं. तुमचंच काम ते. मी लिहिलं, खोका उत्तम, गुण एक, आत काही नाही. आणि मग बाबा आठवले. तुम्ही घरी आलात की दारातच विचारायचे, "सापडली का रे?" आणि तुम्ही मान हलवायचात. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही पुन्हा छत्री हरवली असेल, कारण छत्र्या हरवण्यात तुम्ही पटाईत. ते वहीबद्दल विचारायचे हे खूप नंतर कळलं. त्यांची ती कडवट थट्टा होती असं मी समजते.

तुम्ही बांधलेली पुस्तकं इथे चारशेच्या वर आहेत. कशी बांधायचात ते कळवलंत तर माझं काम सोपं होईल.

तुमची,
ठकू


२१ जानेवारी

ठकूबाई,

पत्र पोचलं. यंत्र खणात आहे ते तिथेच बरं आहे. सून काय बोलते ते ऐकू आलं तर घरात भांडण, नाही आलं तर सासरा देवमाणूस.

तू हे काम घ्यायला नको होतंस. घेतलंसच तर ठीक, पण काम कर आणि घरी जा. जुनं उकरून कुणाच्या हाती काय लागणार? दादा गेला. संचालक गेले. तेव्हाची टेबलंही राहिली नसतील.

बांधणीचं विचारलंस म्हणून सांगतो. मी वाचणारा माणूस नव्हे. दादा वाचायचा, मी मोजायचो. कुलपांच्या कारखान्यांनी छापलेल्या त्या पातळ पुस्तिका नाना भाषांतल्या, त्यात काय लिहिलंय ते मला काय कळणार? संचालकांना कपाटं एका रेषेत दिसायला हवी होती. म्हणून पुस्तिका उंचीप्रमाणे लावायच्या, सात-आठ मिळून एकत्र शिवायच्या आणि एका पुठ्ठ्यात घालायच्या. मी पट्टी कधी धरली नाही, बोटं ठेवून उंची मोजायचो. नऊ बोटांचे गठ्ठे, अकरा बोटांचे, चौदा बोटांचे. माझ्या करंगळीचं पेर कातरयंत्राने नेलं, ते तुला माहीत आहे. त्यामुळे माझी शेवटची गाठ डावीकडे वळते. ती दिसली की समज, काकाचं काम.

पाठीला मी सरस लावायचो, तो आता सुकून कडक झाला असेल. पुस्तक एकदम उताणं करू नकोस, पाठ सुटेल. दोन्ही बाजू तळहातावर घेऊन हळूहळू उघड.

आणि एक. अकरा बोटांच्या गठ्ठ्यांवर वेळ घालवू नकोस. ते मी मन लावून केलेले आहेत. न उघडता एक गुण दे आणि पुढे हो. तीन महिन्यांत दोन हजार सातशे पुस्तकं म्हणजे तुझी दमछाक होणार आहे, म्हणून सांगतो.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना या कामाबद्दल बोलली नसशील तर बोलू नकोस.

काका


६ फेब्रुवारी

काका,

तुमची दोन पानं तीनदा वाचली. न उघडता गुण दिला हे माझ्या वरिष्ठांना कळलं तर माझ्याच पाठीला सरस लावतील. प्रत्येक शिवण उघडून बघायची हा नियम आहे. पण तुमच्या शब्दाला मान म्हणून अकरा बोटांचे गठ्ठे शेवटी ठेवले आहेत. छप्पन्न आहेत, मी मोजले.

कामाची हकीकत ऐका. कसर, बुरशी आणि गंज या तिघांचं इथे राज्य आहे. कुलपांची पुस्तकं म्हणून कुणा शहाण्याने पुठ्ठ्यांना लोखंडी कड्या लावल्या होत्या. त्या गंजून शेजारच्या पुस्तकांत घुसल्या आहेत. दिवसाला पन्नास-साठ पुस्तकं होतात. संध्याकाळी बोटांची टोकं बधिर होतात आणि नाक शिंकून शिंकून लाल.

सगळ्यात वाईट अवस्था बाबांच्या कपाटाची. अकरा वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यात छत गळलं. कपाट कुलूपबंद, किल्ली नव्या ग्रंथपालांकडे, आणि ते महिनाभर रजेवर. आतलं सगळं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली आहे. तुमचा खोका तेवढा वरच्या फळीवर होता म्हणून वाचला. बाबांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली साठ पुस्तकं, सगळ्यांना पाच गुण द्यावे लागले. लिहिताना मी रडले. आधीच्या पानावर शाई फुटलेली दिसेल, ते पान त्याच संध्याकाळी लिहिलेलं.

आता खरी बातमी. इथल्या म्हाताऱ्या शिपायाने मला ओळखलं. परवा चहा ठेवता ठेवता म्हणाला, "पान वरच्या कोपऱ्यातून उलटता तुम्ही. साहेब तसंच उलटायचे."  मग त्याने तुमचं सांगितलं. बाबा गेल्यावर, म्हणजे नोकरीवरून गेल्यावर, दोन-तीन वर्षांनी तुम्ही एकदा दुरुस्तीची पुस्तकं परत द्यायला आलात. एक गठ्ठा मांडीवर घेऊन दुपारभर कपाटासमोर बसून राहिलात. चहासुद्धा घेतला नाहीत. मग तो गठ्ठा स्वतःच्या हाताने फळीवर लावलात आणि गेलात, आणि त्यानंतर संग्रहालयाचं काम कधी घेतलं नाहीत. काका, तुम्ही हे कधी आम्हाला सांगितलं नाहीत. भावाच्या रिकाम्या खुर्चीसमोर तुम्ही तसे बसला असाल हे डोळ्यांसमोर आलं आणि मला तुमच्याबद्दल फार माया वाटली.

शिपाई आणखी एक बोलला. तेव्हाच्या संचालकांकडे पाहुणे फार यायचे, आणि ती वही बघायला मागायचे. मला पहिल्यापासून वाटत होतं ते हेच. किल्ली एकच होती, पण संचालकांनी मागितल्यावर बाबा नाही म्हणू शकले असते का? मी अहवालाला एक टिपण जोडणार आहे. संचालकांनी वही बाहेर नेली असावी आणि ग्रंथपालावर ढकललं असावं, असं स्पष्ट लिहिणार. तुम्ही तेव्हा रोज इथे येत होता. तुमच्या आठवणीतलं दोन ओळींत लिहून सही करून पाठवा. तेवढ्याने फलकाचं काम होईल.

ठकू


१५ फेब्रुवारी

ठकू,

ते टिपण लिहू नकोस. संचालक खडूस होता, माणसाला उभं करून बोलायचा, दादाचा राजीनामा त्यानेच लिहून घेतला, सगळं खरं. पण वही त्याने नेलेली नाही. ज्याने केलं नाही त्याच्या नावावर आणखी एकदा घालू नकोस. त्याचीही मुलं असतील.

मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

दोन दिवस अंगात कणकण आहे.  अकरा बोटांचे किती राहिले ते कळव. खरं तर नको कळवूस. तुझं काम तू तुझ्या पद्धतीने कर, मी मधे पडायला नको होतं.

दादाला मी शेवटचं भेटलो तेव्हा

नंतर लिहीन.

काका


२ मार्च

काका,

सापडली.

एक्केचाळिसावा गठ्ठा. काल दुपारी. सात पुस्तिका, सगळ्या एकाच उंचीच्या, वर तुमचा तपकिरी पुठ्ठा. पहिली तिजोऱ्यांची, दुसरी पेट्यांच्या कड्यांची, तिसरी कसल्याशा बिजागऱ्यांची. चौथी उघडली तर छापील अक्षरं संपली आणि हाताने काढलेल्या रेघा सुरू झाल्या. बत्तीस पानं मी मोजली. पुन्हा मोजली. मग शिपायाला हाक मारली आणि त्याला मोजायला लावली, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. तो खाली बसला आणि म्हणाला, "साहेब इथून चार हातांवर बसायचे."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. इतका की तुम्हाला तार करावी असं वाटलं, हल्ली तार नसते हे विसरून. चोरी झालीच नव्हती. वहीला पुठ्ठा नव्हता, दुमडलेल्या पानांच्या नुसत्या घड्या होत्या, त्या पुस्तिकांच्या ढिगात गेल्या आणि तुम्ही उंची बघून शिवून टाकल्या. चूक ती चूक. माझ्या हातूनही झाली असती. तुम्हाला कसं हलक्या हाताने सांगावं, तुमच्या मनाला लागू नये म्हणून काय लिहावं, याचा मी तासभर विचार करत बसले.

मग नियमाप्रमाणे शिवण तपासायला घेतली. तुम्ही म्हणाला होतात तशीच पाठ सुटली. सरस कडक झाला होता. घडीच्या ओळीत सुईची भोकं दोनदा पाडलेली आहेत, काका. जुन्या भोकांतून दोरा काढलेला आणि शेजारच्या नव्या भोकांतून दुसरा घातलेला. म्हणजे हा गठ्ठा एकदा पूर्ण उसवून पुन्हा शिवला आहे. शेवटची गाठ डावीकडे वळते. पाठीला आतून वर्तमानपत्राची पट्टी लावली आहे, बांधणारे लावतात तशी, आणि पट्टीवर त्या अंकाची तारीख अर्धीअधिक शाबूत आहे. बाबांनी राजीनामा दिला त्यानंतर तीन वर्षं आणि दोन महिने.

ती तारीख मी भिंगातून वाचली. आवकजावक नोंदवहीत बघितलं. त्याच महिन्यात एक्केचाळीस क्रमांकाचा गठ्ठा सैल झाला म्हणून तुमच्याकडे दुरुस्तीला दिलेला आहे. शिपायाने सांगितलेली दुपार तीच असणार. आणि मी त्या दुपारसाठी तुमच्यावर जीव टाकत होते.

उसवताना माणूस प्रत्येक घडी हातात घेतो. तुम्ही वाचत नाही, पण छापलेलं आणि हाताने काढलेलं एवढं तर तुम्हाला कळतं.

बाबा तेव्हा जिवंत होते. पुढे आणखी तीन वर्षं होते. आठवड्यातून एकदा तुम्ही घरी यायचात.

मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि शिपायाला गप्प राहायला सांगितलं आहे. महिनाअखेरीला मला अहवाल द्यायचा आहे. मला फक्त एवढंच हवं आहे: तुम्हाला कळलं होतं का?

ठकू


७ मार्च

ठकू,

कळलं होतं.

आता सगळं लिहितो. मुलाला खोलीबाहेर पाठवलं आहे. त्याला वाटतंय मी मृत्युपत्र लिहितो आहे.

वही ढिगात चुकून गेली हे खरं, पण ती संग्रहालयातल्या ढिगात नाही गेली, माझ्या घरच्या ढिगात गेली. दादा म्हणाला, या वहीला एक चांगला खोका कर, घड्या सुट्या होत चालल्यात. मी म्हटलं, माप घ्यायला वही लागेल. ती वही इमारतीबाहेर न्यायची नाही असा नियम होता. नोंदवहीत लिहून संचालकांची सही घ्यायची म्हणजे पंधरा दिवस गेले असते. दादा म्हणाला, तू परका आहेस का, घेऊन जा, परवा आण. आयुष्यात त्याने मोडलेला तो एक नियम, आणि तो माझ्यासाठी.

घरी मी माप घेतलं, पुठ्ठे कापले, आणि वही बाजूला ठेवली. बाजूला अकरा बोटांच्या पुस्तिका होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून गठ्ठे शिवले. मी वर बघतही नसे, घडी उचलायची, उंची जुळली की सुई घालायची. आठवड्याने खोका झाला. तो दादाला दिला तेव्हा माझ्या मनात पक्कं होतं की वही मी आदल्या खेपेला दिलेली आहे. दादाला वाटलं ती खोक्यात आहे. त्याने खोका उघडला नाही. भावाने हातात दिलेली वस्तू कोण उघडून बघतं? तसाच कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार महिन्यांनी मोजणी आली.

दादाने मला एकट्याला गाठून विचारलं. मी आमच्या आईची शपथ घेऊन म्हटलं, मी वही तुझ्या टेबलावर ठेवली. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, ठकू, हे तू मानावंस असं वाटतं. तो म्हणाला, मग ठीक. आणि चौकशीत माझं नाव त्याने काढलं नाही. मी वही घरी नेली होती एवढं म्हणाला असता तर पोलीस माझ्या घरी आले असते, ढीग उपसले असते, आणि कदाचित तेव्हाच सापडली असती. मला वाचवायला तो गप्प बसला. मला म्हणाला, घरात नीट शोध, कुठे कापडात गुंडाळलेली असेल. म्हणून तो दारात विचारायचा. ती थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

तीन वर्षांनी गठ्ठा उसवला आणि ती हातात आली. कुठे सापडली ते दाखवता यावं म्हणून ती होती तिथेच परत शिवली आणि गठ्ठा घेऊन संचालकांकडेच निघालो होतो. कपाटासमोर बसलो आणि पाय उचलेना. तीन वर्षं दादा चोर म्हणून जगला होता. आता वही माझ्या हातातून निघाली असती तर लोक म्हणाले असते, दोघे भाऊ मिळून चोर. असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे मला भीती वाटली. शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांची दप्तरं माझ्याकडे बांधायला यायची, विश्वासावर. आणि त्याहून जास्त भीती दादाच्या तोंडाची वाटली. फेकून द्यावी असंही मनात आलं. पण दादाची वस्तू होती. म्हणून गठ्ठा तसाच फळीवर लावला. त्या गठ्ठ्याहून चांगली शिवण माझ्या हातून कधी झाली नाही.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आलो. सांगायचं ठरवून आलो होतो. दादाने दार उघडलं आणि विचारलं, "सापडली का रे?"

मी म्हटलं, "नाही."

एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळीही तेच म्हणावं लागतं. तीन वर्षं म्हटलं. शेवटच्या दिवशी दवाखान्यातही त्याने डोळ्यांनीच विचारलं, आणि मी मान हलवली.

अहवालात जे लिहायचं ते लिही. माझं नाव घाल.

काका


२९ मार्च

काका,

तुमचं पत्र वाचून मी ते फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. कागद फाडणं माझ्या हातून होत नाही, धंद्याची सवय. पण उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

वही बघून आताचे संचालक नाचायचेच बाकी होते. तीस वर्षं सहा रद्दी पुस्तिकांच्या मधे दाबून राहिली, उजेड नाही, ओल नाही, कसर नाही. ती तुमच्या खोक्यात, बाबांच्या कपाटात परत गेली असती तर वरच्या फळीवर राहिली असती की खाली, कोण सांगणार. संचालक म्हणाले, ज्याने कुणी ही चूक केली त्याचे आभार मानायला हवेत.  खोली मात्र जाणारच आहे. तिथे भेटवस्तूंचं दुकान येणार, दीड हजार पुस्तकं गोदामात. बाबांची साठ त्यात आहेत. वही एका काचेच्या पेटीत, दारापाशी.

मी अहवालात खोटं लिहीत नाही. लिहिलं आहे ते असं: बांधणीकाराने वही मापासाठी नेली होती. ती चुकून गठ्ठ्यात शिवली गेली. तीन वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी ही गोष्ट त्याच्या लक्षात आली असावी, परंतु कळवली नाही. ग्रंथपालाचा दोष नाही. शिवण, गुण एक. 'असावी' एवढा एक शब्द मी तुमच्यासाठी घातला, आणि घातल्यावर माझा मलाच राग आला. तुमचं नाव घातलं नाही, कारण तेच आडनाव बाबांचं आहे.

माफ केलं का, असं तुम्ही विचारलेलं नाही. बरं केलंत. मला माहीत नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा दाराशी बाबा उभे दिसतात, आणि ते मला नव्हे, माझ्या मागे येणाऱ्या तुम्हाला बघत असतात. सहा वर्षं त्या माणसाने वाट बघितली, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं वही कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही मला सायकल शिकवलीत, माझ्या शाळेच्या वह्यांना दर वर्षी पुठ्ठे घातलेत, आणि त्याच हातांनी हे केलंत. दोन्ही खरं आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

फलकावर बाबांचं नाव रंगवणार आहेत. बारा एप्रिल, सकाळी अकरा वाजता. फलक नंतर काढून जिन्याखाली लावणार म्हणे, पण नाव असेल.

आईला मी सांगितलं, वही सापडली, पुस्तिकांत चुकून शिवली गेली होती. एवढंच सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. सगळे कपडे संपल्यावर म्हणाली, "आधी भाऊजींना कळव. इतकी वर्षं बिचारे शोधत होते." मग म्हणाली की बारा तारखेला ती त्या रस्त्यानेच जाणार, आणि तुमच्या शेजारी उभी राहणार.

बाकीचं मी तिला सांगणार नाही. ते माझं काम नाही.

ठकू


४ एप्रिल

ठकू,

अकरा तारखेला दुपारी पोचतो. मुलगा सोबत येतो आहे. त्याला वाटतंय माझा सत्कार आहे, त्याने नवा शर्ट शिवून घेतला. त्याला गाडीत सांगेन. पाच तासांचा प्रवास आहे, तेवढ्यात जमायला हवं.

आधी तुमच्या घरी येईन, फलकाकडे दुसऱ्या दिवशी. वहिनींनी दारात विचारलं तर दारातच सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन. त्यानंतर फलकापाशी कुणाच्या शेजारी उभं राहायचं ते त्या ठरवतील.

कानाचं यंत्र खणातून काढलं आहे. नवा सेल घालून आणला. वहिनी काय म्हणतील ते मला सगळं ऐकू यायला हवं.

काका